सुटणे आणि जळणे : शर्यतीच्या गाडीचा क्लच

गेल्या उन्हाळ्यात गोव्याहून नारळ भरून परत येताना चोर्ला घाटाच्या चढावर मी मामांच्या टेम्पोचा क्लच जाळला. पुढे एक ट्रक अडकला होता. हँडब्रेक ओढून स्वस्थ बसण्याऐवजी मी हाफ क्लचवर गाडी तोलून धरली. दहा मिनिटांत उग्र वास सुटला, आणि ट्रक हलला तेव्हा आमचे इंजिन नुसतेच ओरडत राहिले, गाडी जागची हलेना. उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, काळी पडलेली प्लेट हातात घेतली आणि एवढेच म्हणाले, "क्लच सुट्ट होगैत्री." कन्नडमध्ये 'सुट्ट' म्हणजे जळलेला. मराठीत 'सुटणे' म्हणजे मोकळे होणे. मामा दोन्ही भाषांत मुरलेले. ते म्हणाले, "अरे, नीट सुटलाही नाही आणि नीट धरलाही नाही, म्हणूनच सुट्ट!" दोन महिन्यांच्या शिकवणीचे माझे पैसे त्या बिलात गेले.

हे सांगण्याचे कारण असे की त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या वर्गातल्या एका मित्राने मला विचारले, "तू आता क्लचमधला जाणकार झालास. मग सांग, ड्रॅग शर्यतीच्या जबरदस्त ताकदीच्या गाडीला सर्वांत दणकट क्लच कोणता?" त्याने एक जुनी मोटार घेतली आहे आणि लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या पाव मैलाच्या शर्यतींची चित्रे पाहून त्याच्या डोक्यात वारे भरले आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्राशी माझा संबंध आकड्यांपुरताच. पण त्याच्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला एक आश्चर्य कळले. ज्या घसरण्याने माझे पैसे बुडाले, तेच घसरणे या शर्यतीतले लोक मुद्दाम, मोजून-मापून विकत घेतात. 'सर्वांत दणकट कोणता' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कसा, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

ड्रॅग शर्यत हा खेळ अमेरिकेतला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली आणि रस्त्यावरच्या बेबंद शर्यतींना नियमांची चौकट मिळाली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकतो. वळण नाही, चढ नाही. सारा खेळ पहिल्या दोन-अडीच सेकंदांत ठरतो. म्हणजे गाडी सुटते कशी यावर. कित्येक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो व त्यांना आपल्या अर्थाने क्लच नसतो. पण जिथे क्लच आहे, तिथे गाडीचे सुटणे त्याच्याच हाती असते.

क्लचची रचना आपणा सर्वांना ऐकून तरी ठाऊक असते. इंजिनाला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर बोल्टांनी बसवलेली, स्प्रिंगने दाबणारी ती प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये चिमटलेली, दोन्ही अंगांना लायनिंग असलेली ती क्लच प्लेट, जी गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. पेडल दाबले की चिमटा सुटतो, पेडल सोडले की चिमटा धरतो.

निवडीतली पहिली चूक अश्वशक्ती पाहून क्लच घेण्याची. क्लचला अश्वशक्ती कळत नाही; त्याला कळतो तो टॉर्क, म्हणजे दांड्याला बसणारा पीळ. समजा, एका इंजिनाचा टॉर्क ६५०० फेऱ्यांना १००० न्यूटन-मीटर आहे. हिशेब केला तर शक्ती येते सुमारे ९१० अश्वशक्ती. दुसरे इंजिन लहान आहे, पण ९००० फेऱ्यांना तेवढीच शक्ती देते. त्याचा टॉर्क मात्र सुमारे ७२० न्यूटन-मीटरच भरतो. दोघांच्या पाटीवर आकडा एकच, पण क्लचवरचा भार सव्वापटीहून अधिक वेगळा. दुकानदाराने "हा नऊशे अश्वशक्तीचा क्लच" असे सांगितले, तर "किती फेऱ्यांना?" हा पहिला प्रश्न.

आता क्लच किती पीळ धरतो ते पाहू. चार गोष्टींचा गुणाकार करायचा : घर्षणाचा गुणांक, प्लेटवरचा दाब, लायनिंगची सरासरी त्रिज्या, आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. समजा, गुणांक ०.३, दाब १२,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२०० किलोचे ओझे, त्रिज्या साडेअकरा सेंटिमीटर आणि पृष्ठे दोन. गुणाकार येतो ८२८ न्यूटन-मीटर. आपले १००० चे इंजिन याला पुरून उरेल. दाब वाढवावा तर पेडल इतके जड होते की पाय थरथरतो. त्यापेक्षा दुसरी प्लेट घालावी. पृष्ठे चार झाली, दाब तोच राहिला, पेडल तेवढेच हलके राहिले, आणि धरण्याची ताकद झाली १६५६. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत दोन किंवा अधिक प्लेटा असतात, त्याचे कारण हेच.

"मग झाले की! १६५६ चा घ्यावा आणि निर्धास्त व्हावे," असे मित्र म्हणाला. मलाही तसेच वाटले होते. पण नेमके येथेच सारे फिसकटते.

सुटताना चालक इंजिन ५००० फेऱ्यांवर फिरवत ठेवतो आणि पेडल एकदम सोडतो. त्या क्षणी फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये गती साठलेली असते, आणि गाडी मात्र ठार उभी असते. दोहोंच्या वेगांत फरक आहे तोवर क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच इंजिन किती देते हे पाहत नाही. तो स्वतःला जेवढे धरता येते तेवढा सगळा पीळ पुढे ढकलतो. इंजिनाचे १००० कमी पडले तर उरलेले ६५६ फ्लायव्हील आपल्या साठ्यातून भरते. म्हणजे १००० चे इंजिन असूनही गिअरबॉक्सला फटका बसतो तो १६५६ चा. व्यापारात सांगायचे तर उत्पन्न हजाराचे आणि धनादेश सोळाशे छप्पन्नचा. वटतो, पण ठेव मोडून वटतो. मग तीनपैकी एक होते. टायर जागीच फिरतात, किंवा इंजिन गुदमरते, नाहीतर गिअरबॉक्सचे दात अथवा एक्सल तुटतो. जो क्लच कधीच घसरत नाही, त्याच्या वाट्याचे घसरणे दुसऱ्या कोणाला तरी सोसावे लागते.

तेव्हा हिशेब इंजिनापासून नव्हे, टायरपासून सुरू करावा. समजा, गाडी १४५० किलोची आहे आणि सुटताना नाक वर उचलल्याने मागच्या चाकांवर ११०० किलोचा भार येतो. शर्यतीच्या गुळगुळीत स्लिक टायरची, चिकट केलेल्या धावपट्टीवरची पकड भाराच्या दीडपट धरू. टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. तर मागचा एक्सल सुमारे ५६७० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ सोसेल. त्यापुढे टायर सुटलेच. पहिला गिअर २.२ आणि मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.३ असेल, तर दोन्ही मिळून ७.२६. भागाकार केला की क्लचच्या जागी उरतात सुमारे ७८० न्यूटन-मीटर. म्हणजे सुटताना या गाडीला ७८० हून अधिक धरणारा क्लच अपायकारक आहे, आणि पुढच्या गिअरांत हजारच्या खाली धरणारा क्लच निरुपयोगी आहे. सुरुवातीला सैल, नंतर घट्ट. एकाच स्प्रिंगला हे दोन्ही कसे साधावे?

यावरचा उपाय मला फार आवडला. प्रेशर प्लेटच्या बोटांना, म्हणजे लिव्हरना, बाहेरच्या टोकाला लहान वजने लावतात. क्लच फिरू लागला की ही वजने बाहेर फेकली जातात आणि लिव्हरच्या आधाराने प्लेट दाबतात. गोफणीतला दगड जसा फिरवताना ओढतो तसे हे. आणि हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या दुप्पट तर ओढा चौपट. आपल्या उदाहरणात स्प्रिंगकडे फक्त ३०० न्यूटन-मीटरचे काम द्यावे आणि वजने अशी निवडावीत की ५००० फेऱ्यांना ती ४८० देतील. बेरीज ७८०, टायरला मानवेल तेवढीच. ७५०० फेऱ्यांना हीच वजने १०८० देतात; बेरीज १३८०. आता क्लच पक्का धरतो. दुसरा गिअर टाकल्यावर फेऱ्या ६००० वर उतरल्या तरी बेरीज ९९० च्या आसपास राहते, म्हणजे क्षणभर घसरून पुन्हा धरतो. अशा क्लचच्या बाहेरून स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करता येतो आणि वजने बदलता येतात. म्हणून खरा शर्यतीचा क्लच विकत घेतला म्हणजे निवड संपत नाही. तो धावपट्टीवर, प्रत्येक फेरीनंतर, थोडा थोडा जुळवावा लागतो.

जुळवण्यासाठी दोन रेघा पाहतात. यंत्र एका कागदावर इंजिनाच्या फेऱ्या व गिअरबॉक्सच्या दांड्याच्या फेऱ्या नोंदवते. सुटताना दोन्ही रेघांत अंतर असते, मग त्या जवळ येऊन एक होतात. इंजिनाची रेघ सुटताच खोल कोसळली, तर क्लच फार धरतो. स्प्रिंग सैल करावी. रेघा शेवटपर्यंत एक झाल्याच नाहीत, तर वजन कमी आहे. आमच्या जमाखर्चाच्या वहीसारखेच हे. दोन्ही बाजू कोठे आणि कधी जुळल्या ते महत्त्वाचे.

परंतु फुकट काहीच मिळत नाही. घसरण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून गाडी उभ्यापासून वेग घेते तेव्हा, क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. वरच्या गाडीत ५००० फेऱ्यांवर क्लच जुळतो तेव्हा वेग ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास असतो. तोवरची उष्णता सुमारे ४६० किलोज्यूल. एवढ्यात दीड लिटर पाण्याला आधण येते. आणि येथे ती सव्वादोन सेकंदांत, काही मिलिमीटर जाडीच्या पृष्ठांवर ओतली जाते. घाटात मी दहा मिनिटे हळूहळू जे केले, ते हे लोक सव्वादोन सेकंदांत करतात.

गिअरचा संबंधही येथेच कळतो. तोच पहिला गिअर व डिफरन्शियल मिळून ७.२६ ऐवजी १०.४ असते, तर क्लच ताशी ६३ किलोमीटरलाच जुळला असता आणि उष्णता निम्म्याहून कमी झाली असती. पण मग टायर क्लचकडून ५४५ च न्यूटन-मीटर घेऊ शकले असते आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जवळजवळ अर्धा जोर बांधून ठेवावा लागला असता. क्लच, गिअर आणि टायर ही तिघे भावंडे आहेत. एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याचे लग्न ठरवू नये.

उष्णता कळली की प्लेटीचा माल निवडणे सोपे जाते. रोजच्या गाडीतले साधे लायनिंग मऊपणे धरते, पण तापले की चकाकते आणि पकड सोडते. सिरॅमिकच्या गोट्या बसवलेली प्लेट उष्णता सोसते, पण एकदम झटक्याने धरते. गर्दीच्या रस्त्यावर तिने गाडी उड्या मारते. लोखंडाची भुकटी दाबून, भाजून केलेल्या सिंटर्ड प्लेटी पोलादी पृष्ठांवर घसरण्यासाठीच असतात, म्हणून वजनांच्या क्लचमध्ये त्या वापरतात. व्यासाचेही तसेच. सारख्या जाडीच्या भरीव चकतीचे फिरण्याचे जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. ११ इंचांऐवजी ८ इंचांची चकती घेतली तर जडत्व सुमारे २८ टक्क्यांवर येते, आणि गिअर चटकन पडतात. पण लहान चकतीत धातू कमी, म्हणून ती लवकर तापते. वेगाने गिअर की उष्णता पोटात घालण्याची शक्ती, यांतले काय हवे ते ठरवावे लागते.

गिअरबॉक्सचा प्रकारही विचारात घ्यावा. रस्त्यावरच्या गाडीसारखा सिंक्रो असलेला गिअरबॉक्स असेल तर प्रत्येक गिअरला पेडल दाबावेच लागते. तिथे क्लच ७००० फेऱ्यांनाही स्वच्छ सुटला पाहिजे. वजने फार असतील तर नेमका त्याच वेळी पेडल दगडासारखे होते आणि गिअर कर्रकन ओरडतो. शर्यतीसाठीच्या काही गिअरबॉक्सांत पेडल न दाबता गिअर पडतात. तिथे पेडल फक्त सुटण्यापुरते, आणि वजने मोकळेपणी लावता येतात.

या साऱ्याचे टोक पाहायचे असेल तर 'टॉप फ्युएल' गाड्या पाहाव्यात. नायट्रोमिथेन जाळणाऱ्या या गाड्यांची शक्ती ११,००० अश्वशक्तीच्या आसपास मानतात. त्यांना गिअर बदलणेच नाही. गिअरबॉक्सचे सारे काम अनेक प्लेटांचा क्लच घसरून करतो. संगणकाला तिथे मनाई आहे. क्लच किती आणि केव्हा धरेल हे हवेच्या दाबावर चालणारे, आधीच वेळ लावून ठेवलेले टायमर ठरवतात. गाडी चार सेकंदांच्या आत १००० फूट पार करते, आणि तेवढ्यात प्लेटी अशा झिजतात की पुढच्या फेरीला नव्या घालाव्या लागतात. तिथे क्लच म्हणजे इंधनासारखा जाळण्याचाच माल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पायाच्या पंजाचा भाग गेला. त्या काळी इंजिन चालकाच्या पुढे असे आणि क्लच व गिअरबॉक्स त्याच्या पायांशी. गार्लिट्स यांनी पुढच्याच वर्षी, १९७१ साली, इंजिन पाठीमागे असलेली गाडी आणून शर्यती जिंकल्या, आणि पाहता पाहता तीच पद्धत रूढ झाली. फुटला तो गिअरबॉक्स. पण पायांशी फिरणारी वस्तू फुटली तर काय होते, याचा धडा क्लचलाही तसाच लागू आहे. बेळगाव हे फाउंड्रींचे गाव. बीड दाबाला किती भक्कम आणि ताणाला किती ठिसूळ, हे आपल्याला निराळे सांगायला नको. फिरणाऱ्या चाकातला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणून बिडाचे जुने फ्लायव्हील अशा गाडीत मुळीच ठेवू नये. अमेरिकेतल्या त्या संस्थेच्या नियमाप्रमाणे पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या क्लचच्या गाडीला एस.एफ.आय. या संस्थेच्या मानकाचे फ्लायव्हील व क्लच आणि त्यांच्याभोवती तशाच मानकाचे मजबूत पोलादी कवच सक्तीचे आहे. पैसे कमी असतील तर कवच आधी, प्लेटी नंतर.

तात्पर्य, निवडीचा क्रम असा : गाडीचे वजन, टायर, गिअरांची प्रमाणे, सुटतानाच्या फेऱ्या, इंजिनाचा टॉर्क, उष्णता, गिअरबॉक्सचा प्रकार, आणि या सगळ्याच्या आधी सुरक्षितता. 'किती धरतो' याबरोबरच 'किती, केव्हा आणि कसा सोडतो' हे विचारल्याशिवाय क्लच घेऊ नये.

मी मित्राला हे सारे सांगितले आणि विचारले, "तुझ्या गाडीचे वजन किती?" त्याला माहीत नव्हते. "पहिल्या गिअरचे प्रमाण?" तेही नाही. "मग क्लच राहू दे. आणि गोव्याच्या रस्त्यावर रात्री कोणाशी पैज लावायची नाही, हे आधी कबूल कर." तो चिडून गेला. मला वाटले, बोलणे सोडेल.

चार दिवसांनी तो मधल्या सुट्टीत आला आणि काही न बोलता त्याने माझ्या वहीवर एक कागद ठेवला. वजनकाट्याची पावती होती. पुढच्या चाकांचे वेगळे, मागच्या चाकांचे वेगळे, असे दोनदा वजन करून आणले होते. आम्ही दोघे हिशेबाला बसलो.